शहादेवचा ऑइल बदलायचा रविवार

नांदूरघाट ते केज जीप चालवणाऱ्या शहादेवला तापट म्हणून कुणी ओळखत नव्हतं. फाट्यावर म्हातारं माणूस दिसलं की तो आपसूक ब्रेक दाबायचा आणि बाजारची बोचकीसुद्धा स्वतः टपावर चढवायचा. पण त्या रविवारी त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

मूळ कारण केजचा मेकॅनिक. "आत्ता करतो" म्हणायचा आणि दिवस मावळेस्तोवर बसवून ठेवायचा. या वेळी शहादेवनं ठरवलं, ऑइल आपणच बदलायचं. "नट खोलायचा, जुनं सोडायचं, नवं ओतायचं. त्यात कसली आलीय कारागिरी?" असं बायकोला, वनमालाला, ऐकवून तो पोतं अंथरून जीपखाली शिरला.

काळंकुट्ट ऑइल घमेल्यात उतरलं. नट आवळला, नवा फिल्टर बसवला, नवं ऑइल ओतलं. इथवर सगळं झ्याक झालं. मग त्यानं ऑइल मोजायची पट्टी उपसली, तर ती वरपासून खालपर्यंत माखलेली. त्यात दोन खुणा शोधायच्या तरी कुठं? फडक्यानं पुसून पुन्हा घातली, तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकेना.

"आता कावून कमी दाखवती ही?"

शेजारचे बबनराव ओट्यावर बसून बघतच होते. त्यांनी आयुष्यात ट्रॅक्टरशिवाय काही चालवलं नव्हतं, पण सल्ला तयार होता. "टाक अजून. इंजिन प्यालं असंल."

शहादेवनं टाकलं. इंजिन चालू केलं, बंद केलं आणि लगोलग पट्टी काढली. तरी कमीच. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. शेवटी डबा उलटा धरून झटकला आणि जीप फाट्यापर्यंत नेऊन आणायला निघाला. फाटा यायच्या आधीच मागून निळसर धूर सुटला. दुकानातली माणसं नाकाला रुमाल लावून बाहेर आली.

परत येऊन तो जेवला आणि मग त्यानं पट्टी पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही पार वर चढलं होतं.

"जास्त झालंय बे," बबनराव म्हणाले.

"तुमीच म्हणलाव ना, टाक अजून?"

"मी म्हणलो, पण हात तर तुझा होता ना?"

शहादेवनं पाना एवढ्या जोरात आपटला की ओट्याखालची कोंबडी फडफडत पळाली. पुन्हा जीपखाली शिरून त्यानं नट सैल केला. थोडंसंच सोडायचं होतं, पण नट हातातून निसटला आणि ऑइल कोपरापासून बगलेपर्यंत वाहत गेलं. नट सापडेपर्यंत जास्तीचं तर गेलंच, हवं तेही गेलं.

मग मात्र त्यानं मेकॅनिकला, बबनरावांना, जीप बनवणाऱ्यांना आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या घातल्या. वनमाला पातेलं घासता घासता उठून आली.

"आवं, गाडी उतारावर हाय. ताट वाकडं धरलं तर आमटी एका कडंलाच जाती. मोजमाप खरं कसं लागंल?"

बॅटरी कमजोर, म्हणून ढकलून चालू करता यावी यासाठी तो जीप रोज उतारावरच लावायचा. त्यानं नट पुन्हा आवळला. कमी पडलेलं ऑइल दुकानातून आणलं, ते बेताबेतानं ओतलं आणि जीप समाजमंदिरापुढच्या सपाट फरशीवर नेली. फिल्टर भरावा म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं आणि हात पट्टीकडे नेला.

वनमालानं मनगट धरलं. "थांबा की. तेल वर उडालेलं असतंय, खाली तर उतरू द्या."

दोघं पायरीवर बसली. शहादेव सारखा पाय हलवत होता.

"एवढं कावून चिडलाव? ऑइलच हाय," ती म्हणाली.

"ऑइल न्हाई गं. इंजिन गेलं असतं म्हंजी? पुन्हा कारखान्याची वाट धरायची, ऊस तोडायला? करिष्माची शाळा?"

त्यांची लेक करिष्मा रांगायच्या वयात उसाच्या फडाच्या कडेला, पाचटानं शाकारलेल्या कोपीत वाढली होती. दोघांना ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

"गाडी बंद पडली तर दुरुस्त करू," ती म्हणाली. "पर ऊस तोडाया मी आता जाणार न्हाई. आन् तुमालाबी जाऊ देणार न्हाई. काढा आता पट्टी."

त्यानं पट्टी काढली, पुसली, शेवटपर्यंत दाबून घातली आणि परत काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. वरच्या खुणेजवळ येईपर्यंत त्यानं थोडं थोडं ओतलं, दरवेळी थांबून, दरवेळी पुसून. गळतंय का बघायला, ऑइल सोडायच्या नटाखाली कागद सरकवला. तो कोरडाच राहिला.

"जमलं का?" बबनराव तिथंही येऊन उभे होते.

"जमलं."

"मी म्हणत होतो, सपाटीला घे म्हणून."

शहादेवनं त्यांच्याकडे पाहिलं, वनमालाकडे पाहिलं आणि जोरात बॉनेट आपटलं. सोमवारी सकाळी जीप भरून केजला निघाली. धूर नव्हता. पुढच्या सीटवर बसलेल्या भिवराबाईंनी विचारलं, "शहादेवा, आज लई गप्प हायस बाबा?"

"घसा बसलाय, मावशी," तो म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.