सासरचं नाव आणि शाळेचा इकामा

वेगळं व्हायचं आम्ही भांडून ठरवलं नाही. सौदीतल्या दम्मामच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून, दोघांच्या मर्जीने ठरवलं. नाशिकच्या कोर्टात परस्परसंमतीचा अर्ज करायचा होता. तिथलं काम सोपं होतं, अडचण इथली होती. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याची बायको म्हणून मिळालेला. लग्न संपलं की तोही संपणार आणि मला देश सोडावा लागणार. मुलगी दहावीत होती. तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत मला इथून हलायचं नव्हतं.

मी वही काढली आणि वर क्रम लिहिला: आधी इकामा शाळेच्या नावावर, मग कोर्ट.

भारतीय शाळेत मी आठ वर्षं गणित शिकवत होते. मुख्याध्यापिका मला शाळेच्या इकाम्यावर घ्यायला तयार होत्या. माझी फाइल शाळेत कागदपत्रं बघणाऱ्या रत्नागिरीच्या गृहस्थांकडे गेली. त्यांनी माझी बी.एड.ची पदवी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, या दोघी कोण?"

"दोघी नाहीत हो. मीच आहे."

"मला पटलं. पण वरच्या ऑफिसला कसं पटवायचं?"

पदवीवर माहेरचं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, आडनावच नव्हे तर पहिलं नावही बदललं, आणि पुढे पासपोर्ट त्याच नावाने निघाला. दोन्ही नावं एकत्र दाखवील असा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो काढून पाहिला. 'लग्नापूर्वीचे नाव' या रकान्यातही सासऱ्यांनी सासरचंच नाव भरलं होतं. आता सून आपली, तर नावही आपलंच, असा त्यांचा साधा हिशोब. फॉर्मवर सही माझीही होती. मी तो वाचलाच नव्हता. एवढ्या याद्या करणारी मी, तेव्हा अंगावरची हळदही उतरली नव्हती.

नाशिकच्या भावाने चौकशी केली. राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा आणि सोबत नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, असं त्याला सांगण्यात आलं. ते प्रतिज्ञापत्र नवऱ्याने इथल्या दूतावासाच्या केंद्रात जाऊन करायचं होतं. मजकूर असा: या नावाची मुलगी आणि त्या नावाची माझी पत्नी एकच आहे, तिच्याशीच माझा विवाह झाला.

संध्याकाळी मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"यादी केली असशीलच," तो म्हणाला.

"केलीय. तुम्ही सातव्या नंबरवर आहात."

"सोडताना शपथेवर सांगायचं की हिच्याशीच लग्न केलं?"

"खरं तेच सांगायचंय."

त्याने मजकूर दोनदा वाचला. "माझ्याच इकाम्यावर राहा की. कोर्टाचं परीक्षेनंतर बघू. नाहीतर नकोच करायला."

मला याचीच भीती होती. परीक्षा झाली की अकरावी आली असती, मग बारावी, आणि मी त्याच्या इकाम्यावर तशीच राहिले असते.

"नको," मी म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय. गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय. पासपोर्टची प्रत आणि दोन फोटो आणा."

"आणि मी नाही आलो तर?"

मुलगी आतून पुस्तक घेऊन आली होती. तिला आम्ही सगळं सांगितलेलं होतं. "पापा, प्लीज जाओ ना," ती म्हणाली. "प्री-बोर्डच्या आधी मला हे सगळं डन हवंय."

गुरुवारी तो केंद्रावर सव्वानऊलाच आला. खिडकीमागच्या माणसाने मजकुरावर बोट ठेवून विचारलं, "ये आपकी वाइफ हैं?" तो म्हणाला, "जी, यही हैं," आणि सही केली.

राजपत्राची प्रत यायला सात आठवडे लागले. नवऱ्याने सरकारी ॲपवर इकामा बदलायला संमती दिली आणि डिसेंबरच्या एका दुपारी, नववीच्या तासाला, शाळेच्या नावावरच्या इकाम्याचा मेसेज आला. तास पूर्ण करून मी व्हरांड्यात आले आणि त्याला फोन केला.

"झालं. आता वकिलांना तारीख घ्यायला सांगा."

"मुलीची परीक्षा होऊ दे की."

"ती इथूनच देणार आहे, मीही इथेच आहे. आता थांबायला कारण उरलेलं नाही."

तो म्हणाला, "ठीक आहे. आजच फोन करतो."