सातातली तीन नावं

आमच्या संतपूरचा भीमराज गवंडी ब्याऐंशी साली कामासाठी जॉर्डनला गेला, झरका नावाच्या शहरात. तिथला म्हातारा मालक इस्माईल चेचेन जमातीचा होता. आजोबाच्या पिढीत ही माणसं रशियाच्या राज्यातले आपले डोंगर सोडून तिथं आली होती. म्हाताऱ्याने ते डोंगर कधी पाहिलेही नव्हते. पण गल्लीत सगळे आपलीच भाषा बोलत आणि पोरगं बोलायला लागलं की त्याच्याकडून मागच्या सात बापांची नावं घोकून घेत.

एकदा गिलावा चालू असताना म्हाताऱ्याने भीमराजला त्याची सात विचारली. बाप माणिक, आजा राघोबा, पणजा सटवा. तिथं गाडी अडली. म्हातारा हसला नाही. गावी गेलास की विचार आणि मला कळव, एवढंच म्हणाला. भीमराजच्या जिवाला ते फार लागलं.

विचारायचं कुणाला? पिढ्या सांगणारा हेळवा बैलावर बसून दर सुगीला वस्तीत यायचा, खापरपणज्याच्याही मागची नावं म्हणायचा आणि सूपभर ज्वारी घेऊन जायचा. लिहिलेलं काही नव्हतं. हेळव्याला येतात म्हणून घरात कुणी ती लक्षातही ठेवली नव्हती. छप्पन साली वस्तीने धम्म घेतला. पुढच्या सुगीला हेळवा आला, तेव्हा विशीतल्या भीमराजने बैलाची वेसण धरून त्याला गावाबाहेर नेऊन सोडलं. जुनं काहीच नको म्हणाला. जोशात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? धम्म घेतल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, त्या दिवसाचं मात्र वाटत राहिलं.

शहाऐंशी साली परतल्यावर तो मला घेऊन हेळव्याच्या गावी गेला. हेळवा केव्हाच वारला होता. त्याचा मुलगा सिद्धप्पा खाली बघत म्हणाला, "अप्पानं समद्यांच्या पिढ्या शिकवल्या मला. तुमची तेवढी न्हाई शिकवली. तुमालाच नको झाली म्हनले."

भीमराज दारातल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून निघाला. झरक्याहून दोन पत्रं आली, त्यांना त्याने उत्तर दिलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तो नातीला नावं शिकवायचा. माणिक, राघोबा, सटवा.

"अन् त्याच्या म्होरं, आबा?" तिने एकदा माझ्यासमोर विचारलं.

"त्याच्या म्होरलं दारात आलतं, बाई. म्याच हाकललं."