अष्टमीच्या दुपारची पाहणी

दिगंबरराव साळवी साहेबांची आणि माझी पहिली भेट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. शेतकी खात्याच्या भाईंदरच्या कचेरीत मी लिपिक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. जन्म दादरचा, बिऱ्हाड नुकतेच नवघरला आणलेले आणि पायांत पॉलिश केलेले बूट. साहेब तिथले कृषी अधिकारी. त्यांनी माझा कागद वाचला, मग माझे पाय पाहिले आणि म्हणाले, "पेडणेकर, बूट छान आहेत. उद्यापासून घरी ठेवा." त्यांच्या टेबलाखाली चिखल सुकलेल्या रबरी चपला होत्या. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो, तेव्हा मला आधी त्या चपलाच आठवल्या.

सरकारी योजना शेतकऱ्याच्या नावाने निघते आणि पुष्कळदा फायलीतच म्हातारी होते, हे आपण सारे जाणतो. साहेबांच्या हाताखाली तसे होत नसे. अनुदानाचा अर्ज ते शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत आणि मग विचारत, "आता तुम्ही सांगा, सरकार काय देणार आणि तुम्ही काय करणार?" उत्तर नीट आले की मगच सही. उत्तनला नारळाची रोपे वाटली तेव्हा खड्डा पाहिल्याशिवाय एकही रोप कुणाच्या हाती पडले नाही. साहेब स्वतः खड्ड्यात उतरून उभे राहत. कमरेपर्यंत आला तर पास, मांडीपर्यंत आला तर नापास. साहेबांची उंची बेताची असल्यामुळे बरेच जण पास होतात, असे मी त्यांच्या पाठीमागे म्हणत असे. आता छापूनच टाकतो.

पण मला सांगायचे आहे ते उत्तनजवळच्या चौक गावच्या बांधाविषयी. तिथे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, भातशेती होती आणि खाडीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला मातीचा जुना बांध होता. त्या वर्षी खेकड्यांनी खाडीच्या बाजूने बांधाचा पाया असा पोखरला होता, की पावसाळ्यातले पहिले मोठे उधाण त्याला झेपले नसते. खारे पाणी एकदा शेतात मुरले की दोन-तीन वर्षे भात विसरायचा. दुरुस्तीसाठी अनुदान मिळत होते. अट एकच : वरच्या कचेरीच्या अभियंत्यांनी पाहणी करून तसा शेरा द्यायला हवा.

पाहणीची तारीख ठरवण्याचे काम साहेबांनी माझ्यावर सोपवले. मी कॅलेंडर काढले, सुट्ट्या टाळल्या, अभियंत्यांच्या गाडीची सोय पाहिली आणि दुपारी बाराची वेळ कळवून मोकळा झालो. त्या तारखेला पौर्णिमा होती. पौर्णिमेचा संबंध मला उपवासापुरताच ठाऊक.

आम्ही पोहोचलो तेव्हा भरती ऐन भरात होती. पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर, आणि पोखरलेला सगळा भाग पाण्याखाली गडप. अभियंत्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि लिहिले, 'दुरुस्तीयोग्य भाग आढळून आला नाही.' गाडी निघून गेली. नवरा होडीवर असताना शेतीचे सगळे पाहणाऱ्या फिलोमिनाबाय कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "भरतीला येऊन बांध बगता व्हय? भोक काय पोहत वर येनार हाय?" लोक हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. "आता भात न्हाय झाला तं पोरांनी काय खायाचं?" मला तिथेच जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

कचेरीत परतल्यावर साहेबांनी वर पत्र लिहिले : 'तारीख ठरवताना भरतीची वेळ पाहिली गेली नाही. ही चूक माझी आहे. फेरपाहणी व्हावी.'

"साहेब, तारीख मी ठरवली होती," मी म्हणालो.

"तुम्ही दादरचे. मी रत्नागिरीचा, खाडीकाठी वाढलोय. कागद माझ्यासमोरून गेला तरी मी तिथी बघितली नाही. मग चूक कुणाची?" त्यांनी सही केली. "आता चौकला जा आणि तारीख विचारून या."

मी गेलो. फिलोमिनाबायनी मला सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी बसवून कोणत्या तिथीला भरती किती वाजता, असा अख्खा पंधरवडा बोटांवर शिकवला. "अष्टमीला आन त्यांना. बारा वाजता पानी उतरलेलं आसतं."

अष्टमीला दुपारी बारा वाजता साहेब त्या रबरी चपला काढून चिखलात आडवे झाले आणि अभियंत्यांसमोर त्यांनी बांधाच्या पायातल्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटाला खेकडा लोंबकळत होता. "हा घ्या पुरावा," साहेब म्हणाले. अभियंते पोट धरून हसले आणि जागेवरच शेरा लिहिला. पावसाआधी गावाने बांध उभा केला. भाद्रपदात तिथे हिरवेगार भात डोलत होते.

साहेबांना मात्र पहिल्या तारखेच्या चुकीबद्दल वरून लेखी समज मिळाली. 'साळवींची भरती' म्हणून हा किस्सा खात्यात आजही रंगवून सांगतात, आणि साहेब स्वतःही त्यात हसून सामील होतात. खरे काय ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही, मलाही सांगू दिले नाही.

फिलोमिनाबाय दर वर्षी सुके बोंबील पाठवत आणि साहेब ते दर वर्षी परत करत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी ते स्वतः पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. "आता द्या," म्हणाले.

सत्कार कोणत्या हॉलमध्ये करावा यावर आमच्या समितीत बराच खल झाला. निकाल फिलोमिनाबायनी दिला : बांधावर. साहेब, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे असेच धड राहोत आणि बांधावरच्या फेऱ्या चालू राहोत. सत्काराची तारीख या वेळी मी ठरवली आहे : अष्टमी, दुपारी बारा. त्या पौर्णिमेची तारीखही मीच ठरवली होती. दोन्हींखाली ही माझी सही.

— माधव पेडणेकर