गाण्याच्या स्पर्धेचं सगळ्यात वाईट पर्व

टीव्हीवरची ती गाण्याची स्पर्धा मी पहिल्या पर्वापासून बघत आले, खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासून. मी चौथी शिकलेली, रागबिग मला कळत नाहीत. माणूस गातोय की ओरडतोय एवढं कळतं, आणि बघायला तेवढं पुरतं.

नवरा गेल्यावर मुलगा मला खराडीला घेऊन आला, नवव्या मजल्यावर. तो आणि सून दोघंही कंपनीत. सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात. दाराला लॅच आहे. आतून उघडतं, पण एकदा मागे लागलं की किल्लीशिवाय परत उघडत नाही.

आल्या आल्या मुलाने मला एक किल्ली दिली होती. ती मी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना नेऊन दिली. क्वार्टरमध्ये आम्ही सगळ्या तेच करायचो. आपली किल्ली शेजारी, शेजारची आपल्याकडे. त्यात विचारण्यासारखं काही नसायचं. या बाई अमरावतीकडच्या, माझ्याच वयाच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांनीही त्यांची किल्ली मला आणून दिली. पुढे त्या एका लग्नाला गावी गेल्या आणि माझी किल्ली त्यांच्या पिशवीतून अमरावतीला गेली. मुलाला कळलं तेव्हा त्याने लॅच बदललं. त्यांच्या जावयानेही बदललं. नवी किल्ली आम्हां दोघींनाही मिळाली नाही.

म्हणजे मला बाहेर जाता येत होतं, परत येता येत नव्हतं. त्याला काही बाहेर जाणं म्हणत नाहीत.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही, कारण पर्वं चांगली होती. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागायचा. तेव्हा आम्ही दोघी आपापल्या उंबऱ्यात स्टूल टाकून, पायाने दार अडवून बसायचो. दोन्ही घरांत टीव्ही मोठा केलेला, मधल्या पॅसेजमध्ये आमचं बोलणं. दाराला काही टेकण लावून दुसरीकडे जाऊन बसावं, तर वॉचमन फेरीला आला की दार उघडं आहे म्हणून मुलाला फोन लावायचा.

मग ते पर्व आलं. प्रत्येकाच्या घरची गरिबी आधी दाखवायची, मग आई स्टेजवर, मग परीक्षकांचं रडणं, मग जाहिराती. गाणं उरलेल्या वेळात. कोणी कसंही गायलं तरी परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी म्हटलं, सारखं उठायचंच आहे तर यांना खुर्च्या कशाला दिल्यात?

समोरच्या बाई म्हणाल्या, "ताई, हा काहून रडते जी? गाणं तर अजून म्हटलंच नाही त्यानं."

एकच मुलगी बरी होती. येऊन उभी राहायची, गायची, जायची. घरचं बरं असावं, त्यामुळे तिची दाखवण्यासारखी कहाणी नव्हती. मतं कमी पडली म्हणून ती बाहेर गेली, आणि सूर सोडून गाणारा एक मुलगा आजोबांच्या आठवणीने रडून स्पर्धेत राहिला. त्या दुपारी मी टीव्ही बंद केला. फ्रिजचा आवाज यायला लागला. लिफ्ट वर गेली, खाली गेली. टीव्ही चालू असताना मी एका खोलीत बसलेली असायची. तो बंद केल्यावर कळलं की मला कोंडलंय.

रात्री जेवताना मी मुलाकडे किल्ली मागितली.

तो म्हणाला, तुला जायचंय कुठे, तुझा कार्यक्रम असतो ना. मी म्हटलं, कार्यक्रम वाईट आहे. त्यावर सुनेने सांगितलं की जुनी पर्वं सगळी मोबाइलवरून टीव्हीला लावता येतात, ती लावून देईल. पोरगी मनाने वाईट नाही. मी म्हटलं, किल्ली दे.

"देतो," मुलगा म्हणाला. "पण परत कोणाला देणार नाहीस, असं कबूल कर."

"करणार नाही."

"अगं, हे क्वार्टर नाहीये आई."

"क्वार्टरमध्ये तुझे बाबा मोरीत पडले तेव्हा मी बाजारात होते. दाराची किल्ली एकट्या माझ्याच कनवटीला असती, तर काय झालं असतं? शेजारणीने दार उघडलं म्हणून नंतर चार वर्षं बाप मिळाला तुला."

जेवण झाल्यावर किल्ली टेबलावर होती. कबूल कर असं परत म्हणाला नाही, आणि मीही काही कबूल केलं नाही.

अंतिम फेरी रविवारी संध्याकाळी होती. म्हाताऱ्या टीव्हीपुढून हलणार नाहीत असं धरून दोन्ही घरची मंडळी बाहेर जेवायला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून समोरच्या बाईंना म्हटलं, चला, खाली जाऊ. त्या म्हणाल्या, माझ्या दाराचं काय? मी म्हटलं, लागू दे. जावई येईपर्यंत माझ्याकडे बसा.

त्यांनी बराच वेळ दाराकडे बघितलं. मग ओढून घेतलं.

गेटबाहेर गाड्यावर आम्ही भेळ खाल्ली. तिखट होती. थोडं चाललो, एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मग बाईंचा मोबाइल वाजला. जावई लवकर परत आले होते आणि सासूबाई घरात नव्हत्या. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खालीच हाव. किल्ली तर तुमच्याजवळच हाय न, मंग जा घरात."

आम्ही हसलो, पण उठलोसुद्धा.

वर आलो तर जावई दार धरून उभे होते. मला नमस्कार केला, सासूबाईंना मानेनेच आत जायला सांगितलं. त्या चपला हातात घेऊन आत गेल्या आणि मागे लॅच वाजलं.

माझी किल्ली पहिल्यांदा फिरेना. ते लॅच मी कधी बाहेरून उघडलेलंच नव्हतं, कोणत्या बाजूला फिरवायचं तेही माहीत नव्हतं. दोन-तीनदा करून उघडलं. टीव्ही चालूच राहिला होता. निकाल अजून लागायचा होता, परीक्षक उभे होते. मी बंद केला, आणि चंदननगरच्या बाजारात किल्ल्या करून देणारा किती वाजता बसतो, हे सकाळी वॉचमनला विचारायचं ठरवलं.