चपलेच्या रबराचा ठसा

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की हसनाबादचं माझ्या मैत्रिणीचं घर आठवतं. लहानपणी एका दिवाळीत तिला देण्यासाठी मी शुभेच्छापत्र केलं होतं. वडिलांच्या झिजलेल्या रबरी चपलेचा तुकडा साबणानं दोनदा धुतला, ब्लेडनं त्यावर पणती कोरली आणि निळ्या शाईत तिचे ठसे मारले. ते द्यायला गेले, तेव्हा मैत्रिणीच्या आईनं कौतुकानं विचारलं, "कशानं केलंस गं हे?" मी खुशीत सांगितलं, "बाबाच्या जुन्या चपलेचा ठसा हाय काकू, बराबर उमटतो." त्यांनी ते कार्ड दोन बोटांत धरून उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी ठेवलं. आज मी शाळेत ठसे कोरायला शिकवते, तेव्हा मुलांना खोडरबर आणायला सांगते. चपलेवर त्याहून सुबक पणती कोरता येते, हे सांगायची हिंमत अजून झालेली नाही.