खिडकीतली गढूळ बरणी

आमच्या घरात त्यांना सगळे आत्याच म्हणतात. मुलांच्या त्या आत्या, म्हणून माझ्याही. नात्यानं थोरल्या नणंद. लग्न केलं नाही; तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा गाळ मोजण्याची.

गावाबाहेरची कोळशाची खाण बंद झाली तेव्हा खड्डे बुजवून वर माती पसरली, गवत पेरलं. ती माती पावसानं ओढ्यात जाऊ नये म्हणून उतारांच्या पायथ्याशी तीन तळी केली आहेत. पाणी तिथं थांबतं, गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी पुढं जातं. तसं होतंय ना, हे पाहणं आत्यांचं काम. उतारावर माती कापली गेलेली दिसली की त्या घळीत हात घालायच्या. वीतभर खोल गेला की वहीत शेरा. संध्याकाळी चिखलाचे गमबूट दारात. आमचे हे म्हणायचे, "लोकांच्या बहिणी येताना भाजी आणतात, आमची ताई शेत घेऊन येते."

कचेरीचे नमुने ठरल्या तारखेला जात. पण मोठा पाऊस होऊन गेला की आत्या प्रत्येक तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची एकेक बरणी घरी आणत आणि माझ्या ओट्याजवळच्या खिडकीत मांडत. ती त्यांची स्वतःची खात्री.

निवृत्तीला चार महिने उरले होते. सलग दोन वर्षं तिन्ही तळी ठीक असल्याच्या नोंदी आत्यांच्या सहीच्या होत्या. त्यांच्यावर विसंबून पुढच्या आठवड्यात वरचे अधिकारी 'देखरेख संपली' असा दाखला देणार होते. आत्यांच्या सेवापुस्तकात आजवर एकही ठपका नव्हता. ते तसंच कोरं घेऊन घरी यायचं, एवढीच त्यांची हौस.

मोठा पाऊस होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी म्हटलं, "आत्या, मधल्या तळ्याची बरणी पाहिलीत? सकाळपासून गढूळ आहे. तळाशी दोन बोटं माती."

"ढवळली असशील."

"मी दूध ढवळते. तुमचा चिखल नाही."

त्या हसल्या नाहीत. चष्मा लावून खिडकीशी गेल्या आणि वाकून बरणीतला थर बोटानं मोजला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्यांनीच जेवताना सांगितलं. प्रत्येक तळ्यात आकडे रंगवलेला एक खांब असतो, शून्य अगदी तळाशी. गाळ कितव्या आकड्यावर पोचला ते त्यावरून कळतं. लाल रेघेला लागला की तळं उपसायचं. मधल्या खांबावर गाळ रेघेच्या खूप खाली होता. पण आत्यांनी लांब बांबू घेऊन चार ठिकाणी टोचून पाहिलं, तर गाळाची खरी जाडी रेघेच्या मापाहूनही जास्त निघाली. त्यांनी चौकीदाराला हाक मारली.

"हा खांब कुणी हलवला?"

"हलवला नाही ताई, पडला होता तो उभा केला! दोन वर्षांमागं गाळ काढायचं मशीन आलं होतं ना, त्यानं पाडला. मी पुन्हा ठोकला. तुम्हीच तर शाबासकी दिली होती."

दिली होती. मशीननं अर्धाच गाळ काढला होता आणि खांब उरलेल्या गाळात उभा राहिला, म्हणजे शून्यच गाळावर. उपसल्यावर काठापासून तळापर्यंत एकदा दोरी सोडून खोली मोजायची, हा नियम. नुकतंच उपसलेलं तळं, सरळ उभा खांब. आत्यांनी दोरी सोडलीच नव्हती.

आत्यांनी हे कचेरीत कळवलं होतं. त्यांच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो ताई, उद्या गुपचूप उपसून टाकू. जुन्या वह्या कशाला उकरता? जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा?"

"आणि या पावसात जे ओढ्यात गेलं, ते कोणत्या वहीत लिहू?" आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग स्वयंपाकघरातच बसून त्यांनी अहवाल लिहिला. चौकीदाराचा त्यात उल्लेख नव्हता. 'तळ न मोजता सही केली. चूक माझी.' एवढं एक वाक्य त्यांनी तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा तेच राहिलं.

दाखला थांबला, देखरेख दोन वर्षांनी वाढली. सेवापुस्तकात ठपका आला, शेवटून दुसऱ्या पानावर. निरोपाच्या भाषणात साहेबांनी आत्यांच्या हस्ताक्षराची तारीफ केली, कामाबद्दल बोलले नाहीत.

तळं उपसलं त्या दिवशी आत्यांनी दोरी स्वतः सोडली. पुढच्या पावसानंतर मधल्या तळ्याची बरणी आणली. पाण्यातून पलीकडचा खिडकीचा गज दिसत होता. निवृत्त झाल्यावर तिन्ही बरण्या माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "घे, साखर भर यांत."

मी घासायला घेतल्या.

"मधली दोनदा घास गं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच उठून ती घासायला बसल्या.