वायरी लावल्या की माणूस बोलतो

बारामतीतल्या एका हार्टच्या दवाखान्यात मी ईसीजी काढते. छातीवर वायरी लावल्या की माणूस गप्प पडून राहील असं वाटतं ना? छे! खरं बोलायला तिथंच सुरुवात होते. इतके किस्से साठलेत की डबा उघडायच्या आधी मैत्रिणी विचारतात, आज काय?

*

आमचे डॉक्टर प्रत्येकाला सांगतात, नुसती चरबी नाही, राग आणि चिंतासुद्धा हृदयाला महागात पडते. वरकुट्याच्या आबांनी ते फारच मनावर घेतलं. पुढच्या तपासणीला मी विचारलं, राग कमी झाला का?

"मी चिडतच न्हाय आता. कुणावर चिडायचं ते सकाळी थोरल्याला सांगतो, मग त्यो चिडतो."

आता थोरल्याचंही बीपी आम्हीच बघतो.

*

वडगावच्या एका गुरुजींना डॉक्टर म्हणाले, मनात साठवू नका, मोकळं बोला. गुरुजी मोकळे झाले ते थेट पुतण्याच्या साखरपुड्यात, माईकवर! निम्मी भावकी ताटावरून उठली. गुरुजींचं बीपी मात्र एकदम नॉर्मल.

*

डॉक्टर स्वतः? पेशंटची रीघ, जेवणाचा पत्ता नाही. एकदा मी जबरदस्तीनं त्यांचं बीपी घेतलं. आकडा बघून म्हणाले, मशीन बिघडलंय. तपासायच्या टेबलावरच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "तुमी पडा हितं. आमी थांबतो भाईर."

*

भवानीनगरचे तात्या अटॅकमधून बरे होऊन घरी गेले आणि अख्खं गाव भेटायला लोटलं. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा ठेवायचा, आपला कोण पाहुणा असाच अटॅकनं गेला ते रंगवून सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. तात्या मजेत. चहाला आणि ऐकायला एकट्या शालनकाकू, त्यांची बायको. असा महिना गेला.

तात्यांच्या तपासणीला आल्या तेव्हा काकूच भिंतीला टेकून उभ्या. छातीत धडधडतंय, झोप नाही, उगाच रडू येतं म्हणाल्या. मी घाबरलेच. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला लावला, रक्तही तपासलं. सगळं नॉर्मल! मला इतका आनंद झाला की पळत जाऊन सांगितलं, काकू, हार्ट ठणठणीत आहे, खुशाल घरी जा.

काकूंचा चेहराच पडला. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाई, जरा नीट बघ की. कायतरी निघू दे. आयसीयूत चार दिवस ठिवलं, तर तितं भेटायला कुणाला सोडत न्हाईत ना?"